बिश्केक जवळ आहे, विमानतळ लांब आहे

आमच्या घराण्यात परदेशात शिकायला गेलेली पहिली व्यक्ती म्हणजे माझी भाची, ती किर्गिझस्तानात बिश्केकला एमबीबीएस करतेय, आणि तिच्यामुळं घराण्यात पहिला ट्रॅव्हल एजंटपण तयार झाला, तो मी. मला कोणी विचारलं नाही. आयआरसीटीसीवर तत्काळ तिकीट काढता येतं एवढ्या एका गुणावर दाजींनी माझी नेमणूक केली, म्हणाले, "रेल्वेचं जमतंय तर विमानाचं काय अवघड हाय बे, त्याला तर वेटिंग पण नसतंय." पगार नाही, कमिशन नाही, वर ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो म्हणून रात्री फोन उशाला घेऊन झोपायचं.

पुढं काम वाढत गेलं. अक्कलकोटचा एक पोरगा तिच्याच वर्गात निघाला, मग बार्शीची एक मुलगी, मग जुळे सोलापुरातले एक रिटायर्ड सर, त्यांचा मुलगा बिश्केकला पण नाही, तिकडच्याच दुसऱ्या गावाला, ओशला. सगळ्या पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला आणि मला न विचारता ॲडमिन केलं. ग्रुपवर सकाळी सिद्धेश्वर महाराजांचा फोटो, दुपारी "तिकीट कमी झालं का", रात्री "आता किती दाखवतंय". कमी झालं की सगळे म्हणणार अजून एक दिवस थांबू, वाढलं की सगळे म्हणणार तेव्हाच का नाही काढलं.

बाहेरच्या लोकांना बिश्केक कुठंय हे समजावणं मी सोडून दिलंय. कोणी "रशियाला का?" विचारलं की "हो, त्याच बाजूला". खरं तर दिल्लीतून थेट विमान मिळालं तर तीन-साडेतीन तासात बिश्केक येतं, सोलापूरहून पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसनं जायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की किर्गिझस्तान जवळ आहे, लांब आहे तो विमानतळ. आपलं सगळं डोकं, पैसा आणि भांडणं सोलापूर ते विमानतळ एवढ्यातच संपतात, पुढचं विमान आपलं आपण उडतं.

आता कोणी म्हणेल सोलापूरला विमानतळ आहे की. आहे. होटगी रोडला. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची धुराची चिमणी विमानांना आड येते म्हणून पाडली, ती पडताना अख्ख्या गावानं मोबाईलवर बघितली, त्याच्यावरून जे वाद झाले ते अजून चहाच्या गाड्यांवर चालू आहेत, मग जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरात मुंबईचं. दाजींचा हट्ट की पोरगी घरातून रिक्षानं विमानतळावर गेली पाहिजे, त्यात एक रुबाब आहे. पण सोलापूरचं विमान आणि तिकडचं विमान यांच्या वेळा जुळवायला गेलं तर मध्ये मुंबईत रात्रभर बसायचं, आणि आपल्याला तर दिल्ली पाहिजे. त्यामुळं रुबाब रद्द झाला.

दिल्लीला जायचं तर कर्नाटक एक्सप्रेस आहे, सोलापूरवरून जाते, पण एक दिवसाच्या वर लागतो. हैदराबादहून विमान आहे, तीनशे किलोमीटर, आणि तिथं दाजींची मोठी बहीण असते म्हणून ताईनं तो विषयच बंद केला. मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रीत जाता येतं, वंदे भारत पण आहे, पण मुंबईत ट्रेन सीएसएमटीला आणि विमान अंधेरीला, मधल्या प्रवासाला दोन बॅगा घेऊन टॅक्सी केली की भाडं ऐकून दाजी गप्प होतात. राहिलं पुणं. हुतात्मा सकाळी लवकर सुटते, साडेदहा-अकरापर्यंत पुणं, मग लोहगावचं विमानतळ, मग दिल्ली, मग बिश्केक. कागदावर एकदम सोपं दिसतं.

कागदावर कझाकस्तानातलं अल्माटी पण सोपं दिसत होतं. म्हणजे झालं असं की २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं आपल्या विमानांना त्यांच्या आकाशातून जायला बंदी केली, मग वळसा घालून जायचं तर लहान विमानांच्या आवाक्यात अल्माटी-ताश्कंद येईना, म्हणून आपल्याकडच्या कंपनीनं ती विमानंच बंद केली. तिकडच्या कंपन्यांना ती बंदी नाही, त्या सरळ जातात, पण पर्याय कमी झाले की भाडं कुठं जातं ते सांगायला नको. ग्रुपवर लगेच नवीन नवीन शोध सुरू. बार्शीच्या मुलीच्या काकांनी दुबईवरून काढलं, एका पालकांनी इस्तंबूलवरून स्वस्त मिळतंय म्हणून स्क्रीनशॉट टाकला. इस्तंबूल! म्हणजे बिश्केक आपल्या उत्तरेला, आणि पोरीनं आधी युरोपच्या दारात जाऊन मग तेवढंच परत यायचं. चार हजार रुपये वाचणार होते. दाजी म्हणाले, "तेवढंच तुर्कस्तान बघून होईल की."

मग दाजींना अल्माटी सापडलं. कझाकस्तानात भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, अल्माटीहून बिश्केक अडीचशे किलोमीटरच्या आत, म्हणजे सोलापूर-पुणंच की, शेअर टॅक्सी मिळते. हे सगळं खरं आहे, मी तपासलं. पण मध्ये कोरदाईची बॉर्डर आहे, तिथं गाडीतून उतरून आपलं आपण सामान ओढत चालत पलीकडं जायचं, रांग किती असेल ते तिथं गेल्यावरच कळतं, आणि आपण हे बोलत होतो हिवाळ्याच्या सुट्टीबद्दल, पोरगी गड्ड्याच्या यात्रेला म्हणून जानेवारीत आली होती आणि परत जाताना तिकडं उणे तापमान. त्यात आणखी गंमत, कझाकस्ताननं १ मार्च २०२४ पासून अख्ख्या देशाला एकच वेळ लावली, त्यामुळं अल्माटीचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं आणि बिश्केकचं अर्धा तास पुढं. म्हणजे टॅक्सीला चार तास लागले तर घड्याळात पाच लागतात. हे मी दाजींना कागदावर काढून दाखवलं, त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मग येताना तिकडनं यावं, एक तास वाचतोय."

ताईला यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. तिची एकच अट, पोरगी दिवसाउजेडी उतरली पाहिजे. यावर कोणी विनोद करत नाही. २०२४ च्या मे महिन्यात बिश्केकमध्ये जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर हल्ले केले होते, दूतावासानं पोरांना बाहेर पडू नका म्हणून कळवलं होतं, त्या रात्री आमच्या घरात कोणी झोपलं नव्हतं. आता तिकडं सगळं शांत आहे, पोरगी मजेत आहे, पण ताईच्या मनात विमानाची वेळ म्हणजे फक्त उतरल्यावर उजेड असेल का एवढंच. म्हणून स्वस्तातली मध्यरात्री पोचणारी तिकिटं मी ग्रुपवर टाकायचीच बंद केली.

लवकर पाठवा, उशिरा पाठवा हाही वेगळा वाद. पोरांना लेक्चर चुकलं की नंतर जाऊन भरून काढावं लागतं, त्याला ते "ओत्राबोत्का" म्हणतात, भाचीचं म्हणणं एक आठवडा उशीर झाला तर पुढचा महिना ओत्राबोत्कातच जातो. शिवाय आपल्या एनएमसीचा, म्हणजे डॉक्टरकीच्या शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचा, २०२१ चा नियम आहे, चोपन्न महिन्यांचा कोर्स, तोही एकाच कॉलेजात, मग तिकडं एक वर्ष इंटर्नशिप, तेव्हा घरी बसून ऑनलाईन करू हा मार्ग बंद. आज्जीला हे मान्य नाही. तिचं म्हणणं महाशिवरात्र करून जाऊ दे, डॉक्टर काय पळून जात नाहीत.

मध्यरात्रीच्या तारखेनं तर भल्याभल्यांना घोळात घेतलंय. विमान चौदा तारखेला बारा वाजून चाळीस मिनिटांनी म्हणजे तेरा तारखेच्या रात्री जेवून विमानतळावर जायचं. अक्कलकोटकरांनी चौदा तारखेची हुतात्मा काढली होती, म्हणजे पोरगा पुण्यात पोचला असता तेव्हा त्याची सीट बिश्केकला पोचून सहा तास झाले असते. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं. आता ग्रुपच्या नावातच मी "आदल्या रात्री" असं टाकून ठेवलंय.

आणि वेगवेगळी तिकिटं काढली की वेगवेगळे नियम, हे कोणालाच पटत नाही. पुढच्या विमानाला तेवीस किलो चालतं, पुणे-दिल्लीला साधारण पंधरा. स्टुडंट म्हणून तिकीट काढलं तर काही कंपन्या जास्तीचं वजन देतात, पण ते काढतानाच निवडावं लागतं, काउंटरवर जाऊन कॉलेजचं ओळखपत्र दाखवून रडून उपयोग नाही. दिल्लीत सामान परत घ्यायचं, परत टाकायचं, टर्मिनल बदलायचं. आणि दिल्लीचं धुकं. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटेचं विमान दिल्लीत कधी उतरेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि तिकिटं वेगळी असली की पहिलं लेट झालं म्हणून दुसरं थांबत नाही, पैसेही मिळत नाहीत. म्हणून मी मध्ये दहा तास ठेवले. दाजी म्हणाले दहा तास पोरगी तिथं काय करणार, मी म्हणलं बसणार. ॲडमिशन करून देणारा कन्सल्टन्सीवाला म्हणत होता माझ्याकडून ग्रुप तिकीट घ्या, सगळं बघतो, पण त्याची तारीख त्याच्या सोयीची आणि रेट पण त्याच्याच सोयीचा.

जुळे सोलापूरच्या सरांचं तर वेगळंच. ओश दक्षिणेला, बिश्केकपासून रस्त्यानं सहाशे किलोमीटरच्या वर, मध्ये तीन हजार मीटरच्या वरचे घाट, हिवाळ्यात बर्फ. बिश्केकहून विमानानं पाऊण-एक तास. म्हणजे त्यांच्या पोराला हुतात्मा, विमान, विमान आणि परत विमान. सरांनी सगळं शांतपणे वहीत लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "रात्रीची एसटी वगैरे काही?"

आता बॅग. दाजींचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथं सूत मोजायचा काटा आहे, तो ग्रॅमपर्यंत दाखवतो, त्यामुळं आमच्याकडं वजनाच्या बाबतीत फसवाफसवी शक्य नाही असा सगळ्यांचा समज होता. बॅग टेम्पोतून कारखान्यात नेली. पहिल्यांदा एकतीस भरली. उघडली तर तळाला दोन चादरी, सोलापुरी, तिच्या मॅडमना द्यायला, आणि त्या चादरी काय असतात हे सोलापूरकरांना सांगायला नको, एकदा अंगावर घेतल्या की माणूस हलत नाही. एक काढली. शेंगाचटणी दोन किलो, त्यातली अर्धी काढली, ताई रडायच्या बेताला आली म्हणून अर्ध्यातली अर्धी परत घातली. ज्वारीचं पीठ काढलं. कडक भाकरीला वजन नाही पण चुरा होतो म्हणून ती स्टीलच्या डब्यात घालून हातातल्या बॅगेत, आणि हातातल्या बॅगेला सातच किलो, त्यात डब्याचंच एक किलो. पॉवर बँक मोठ्या बॅगेत घातली होती, ती काढून हातातल्या बॅगेत, तेलाची बाटली हातातल्या बॅगेत होती ती काढून मोठ्या बॅगेत, शंभर मिलीच्या वर वरती नेता येत नाही. कारखान्यातली पोरं माग बंद ठेवून बघत उभी, त्यातला एकजण दर वेळी मोठ्यानं आकडा वाचायचा.

चोवीस सहाशेवर गाडी अडली. काही केल्या खाली येईना. शेवटी सगळं बाहेर काढलं तेव्हा थर्मलच्या पायात, दोन्ही पायात, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. आज्जी. मी तिला सांगितलं की खोबरं विमानात चालत नाही, त्यात तेल असतं, बंद जागेत आपोआप तापून पेटू शकतं म्हणून बंदी आहे. आज्जी म्हणाली, "चाळीस वर्षं कपाटात ठेवलालोय, कपाट कधी पेटलं नाही." यावर विमान कंपनीकडंही उत्तर नसणार. खोबरं काढलं, आज्जी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि दाजींनी त्या गडबडीत एक टॉवेल आत सरकवला, आपल्या कारखान्याचा आहे म्हणून.

स्टेशनवरून परत येताना भैय्या चौकात दाजींनी गाडी जरा हळू केली. तिथं डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, आपल्या सोलापूरचे, १९३८ ला मुंबईहून बोटीनं चीनला गेले, युद्धातले जखमी बघायला, आणि तिकडंच १९४२ ला वारले. दाजी म्हणाले, "त्यांचं तिकीट कोणी काढलं असंल बे?" मी म्हणलं काँग्रेसनं. दाजी म्हणाले, "मग बरोबर हाय, मामावर सोडलं असतं तर धुकं बघून दहा दिवस आधी काढलं असतं."

दिल्लीत धुकं नव्हतंच. पोरगी दहा तास बसली, दर तासाला फोटो पाठवत होती, खुर्चीचा.

दुसऱ्या दिवशी बिश्केकला उतरायच्या आधी दाजी माझ्याकडं येऊन बसले, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून. मानस विमानतळापासून शहर पंचवीस-तीस किलोमीटर, टॅक्सीवाले जास्त मागतात असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं, त्यामुळं व्हिडिओ कॉलवर भाव आपण करायचा हे त्यांनी आठवडाभर आधी ठरवून टाकलेलं, सूतवाल्याशी तीस वर्षं घासाघीस केलेला माणूस. फोन लागला, मागं बर्फ, उजेड चांगला होता, ताईनं आधी तेवढंच बघितलं. दाजी म्हणाले, "ड्रायव्हरला दे, मी बोलतो." भाची म्हणाली अहो बाबा, यांडेक्सच्या ॲपवर बुक केलीय, भाडं आधीच ठरलेलं असतं, आम्ही चौघं मिळून वाटून घेतोय. दाजींनी विचारलं, आणि तो काय कमी करत नाही? नाही. आणि आपण काय म्हणायचं नाही? नाही.

दाजींनी फोन माझ्या हातात दिला, म्हणाले, "मग माणसानं बोलायचं तरी काय बे," आणि आत चहा सांगायला गेले.