तक्रार करायचीच असेल तर खिडकी बघून करा

गोव्यात गणेशचवथ जवळ आली की किराणावाला, वाड्यावरचे मंडळ आणि माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे) सामान आणून देणारी बाई सगळी व्हॉट्सॲपवरच सापडतात. त्यामुळे जानेवारी २०२१ मध्ये त्या कंपनीने, माहिती मालक कंपनीला म्हणजे फेसबुकला (आताच्या मेटाला) देण्याच्या, ‘नव्या अटी मान्य करा’ म्हटल्यावर तुम्ही न वाचता मान्य केल्यात, ते योग्यच केलेत. नाही म्हणून जाणार कुठे होता? अख्खा वाडा तुमच्यासाठी दुसरे ॲप घालणार होता?

तरीही आपली माहिती जाते कुठे, या विचाराने झोप येत नसेल तर तक्रार जरूर करा. फक्त खिडकी नीट निवडा. शेजाऱ्याने भिंत वाढवली की पंचायत नगरनियोजन खात्याकडे बोट दाखवते, ते खाते किनारी प्राधिकरणाकडे. दिल्लीतही तसेच, फक्त इमारती उंच.

बाजारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे जाताना साल पाहून जावे. २०१७ मध्ये आयोगाचे म्हणणे होते की गोपनीयतेचे असले प्रश्न माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेतले. २०२१ मध्ये त्याच आयोगाला उमगले की फुकट सेवेत किंमत वाढवता येत नाही, म्हणून जास्त माहिती उकळणे म्हणजे मालाचा दर्जा उतरवणे. (दुसरे म्हणणे मला पटते. पण मला कोण विचारतो?) कंपनी म्हणाली, गोपनीयतेचा खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, तुम्ही मध्ये पडू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की आयोग थांबला असता तर शहाणपणाचे झाले असते, पण थांबला नाही म्हणून त्याचा अधिकार जात नाही. असा निकाल दोन्ही बाजूंनी फ्रेम करून लावावा.

पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोगाने मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला आणि जाहिरातींसाठी ही माहिती आपल्याच इतर कंपन्यांना द्यायला पाच वर्षे बंदी घातली. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड ठेवला, बंदी उठवली. म्हणजे सरकारचे ते सरकारला, कंपनीचे ते कंपनीला. दंडात वाटा मागायला जाऊ नका, तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होतो.

फोनचा मामला म्हणून ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे जायचा विचार असेल, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांग लावून दिली आहे: दूरसंचाराचे तांत्रिक प्रश्न आधी ट्राय सोडवणार, मग स्पर्धा आयोग. पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात गेलेल्यांनीही हसू नये. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने मार्च २०२५ मध्ये ॲपलला १५ कोटी युरोंचा दंड केला, तो ॲपना माग काढू देण्याआधी ग्राहकाची परवानगी घेण्याच्या पद्धतीवरून!

आता नवी खिडकी, वैयक्तिक माहितीच्या तक्रारींसाठीच्या डेटा संरक्षण मंडळाची. कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, घाई कसली? दंड २५० कोटींपर्यंत, तोही संचित निधीतच. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ४३अ नुकसानभरपाई तरी मागू देणारे, ते वगळण्याची सोय याच नव्या कायद्यात केली आहे. मात्र अर्ज जपून लिहा. तक्रार खोटी किंवा उथळ ठरली तर तुम्हालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो कोणी भरायचा याबद्दल दिल्लीत कुणाचाही मतभेद नाही.