स्पार्टाचा अर्धा मार्क

मंद्या कट्ट्यावर आला तोच हातातला कागद नाचवत. त्याच्या लेकीच्या शाळेत सामान्यज्ञानाची चाचणी झाली होती. रिकाम्या जागा भरा : प्राचीन ग्रीसमधलं शहर आणि त्याचं दैवत. पोरीनं अथेन्सपुढे अथीना लिहिलेलं, आर्गोसपुढे हेरा आणि स्पार्टापुढे परत अथीना. शेवटच्यावर लाल पेनानं काट आणि बाजूला बाईंच्या अक्षरात 'एरीस'. अर्धा मार्क गेला.

"उत्तर बरोबर आहे की," वैदेही म्हणाली.

झालं. चहावाल्यानं न सांगताच पाच ग्लास मांडले. वैदेहीनं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस दोनदा वाचलाय. ती स्वतःहून हे सांगत नाही, पण फार वेळ लपूनही राहत नाही.

मंद्याचं म्हणणं सरळ होतं. स्पार्टावाले लढवय्ये, एरीस युद्धाचा देव, मग अजून काय पाहिजे? वैदेही म्हणाली, "स्पार्टाच्या टेकडीवर देऊळ होतं ते अथीनाचं. आत भिंतींना काशाचे पत्रे, म्हणून तिला काशाच्या घरातली अथीना म्हणायचे. इराण्यांविरुद्धची प्लाटियाची लढाई जिंकून देणारा स्पार्टाचा सेनापती पॉसेनियस पुढे फितुरीच्या संशयात सापडला आणि जीव वाचवायला त्याच देवळात शिरला. स्पार्टावाल्यांनी दारं चिणून त्याला उपाशी ठेवलं. प्राण जायची वेळ आली तेव्हा तेवढा बाहेर ओढला."

"बाहेर कशाला?"

"आत मेला तर देऊळ विटाळेल ना."

शेखरनं ग्लास खाली ठेवला. "आणि एरीस?"

"होता ना. रोमन काळातला एक प्रवासी लिहून गेलाय. स्पार्टात युद्धदेवाची एक जुनी मूर्ती होती, पायात बेड्या घातलेली. पळून जाऊ नये म्हणून."

यावर मंद्या जरा वेळ गप्प बसला, पण हरला नाही. "म्हणजे अथेन्स आणि स्पार्टा सत्तावीस वर्षं एकमेकांच्या उरावर बसले, आणि दोघांच्या घरी देवी एकच? तिनं कुणाचं ऐकायचं?"

बापूंनी इथे मुंबादेवी काढली. तो भाग मी लिहीत नाही, कारण तो पाऊण तास चालला. त्यांचा मुद्दा एवढाच की देवी नावानं एक असली तरी तिचा पत्ता वेगळा असतो, आणि भांडण पत्त्याचं असतं.

वैदेहीला ते पटलं, हे नवलच. ती म्हणाली, इ.स.पू. 508 मध्ये स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस फौज घेऊन अथेन्सच्या अक्रोपोलिसवर, म्हणजे देवळांच्या टेकडीवर, चढला आणि अथीनाच्या गाभाऱ्यात शिरायला निघाला. त्यानं दार ओलांडायच्या आत पुजारीण आसनावरून उठली : परक्या, मागे फिर, डोरियन वंशाच्या माणसाला इथे यायची मुभा नाही. राजा म्हणाला, बाई, मी डोरियन नाही, अकीयन आहे.

"कागदपत्रं दाखवली का?" मंद्या.

"दाखवली असती तरी तिसऱ्या दिवशी हाकललाच गेला."

मला यातलं राजाचं उत्तर आवडतं. घरी टेकडीवर अथीना असलेला माणूस दुसऱ्याच्या अथीनापुढे उभा राहून 'आमच्याकडेही हीच आहे' असं म्हणत नाही. तो वंश सांगतो. देवी कुणाची हा वादच नव्हता. दाराच्या आत कोण येऊ शकतं, एवढंच.

बापू बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांचा जीव सोन्यात. शिल्पकार फिडियसनं अथेन्सच्या पार्थेनॉन देवळात उभी केलेली सोन्या-हस्तिदंताची अथीना त्यांना पाठ आहे. इ.स.पू. 431 मध्ये स्पार्टाशी युद्ध तोंडावर आल्यावर अथेन्सचा पुढारी पेरिक्लीसनं लोकांना शिल्लक किती ते सांगितलं, त्यात देवीच्या अंगावरचं चाळीस टॅलंट सोनंही मोजलं. म्हणजे हजारेक किलो. सगळं काढता येण्यासारखं. वेळ आली तर वापरू, पण नंतर तेवढंच परत घालायचं.

"तारण," बापू डोळे मिचकावत म्हणाले. "देवीकडून कर्ज. थकबाकी ठेवायची नाही."

"म्हणजे श्रद्धा नव्हतीच," शेखर म्हणाला. बापू म्हणाले, अर्थात नव्हती, आणि सापाची गोष्ट काढली. अक्रोपोलिसवर देवळाचा राखणदार साप आहे असं अथेन्सवाले मानायचे आणि दर महिन्याला त्याला मधाची पोळी ठेवायचे. इ.स.पू. 480 मध्ये इराणी फौज येत असताना पोळी तशीच राहिली. पुजारणीनं जाहीर केलं, आणि देवीच शहर सोडून गेली म्हटल्यावर माणसंही बोटीत बसायला तयार झाली. चरित्रकार प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे ही सगळी अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस याची करामत.

"बघा! राजकारण."

"मग लोक का हलले?" वैदेहीचा आवाज चढला. "थेमिस्टोक्लीसची भाषणं ऐकून हलत नव्हते, पोळी उरली म्हणून हलले. करामत त्याची असेल, पण चालली कशावर?"

बापूंनी उत्तर द्यायचं टाळून अजून एक चहा सांगितला. मी वैदेहीच्या बाजूनं आहे, हे तेव्हा बोललो नाही, कारण चहा बापूंच्या खात्यावर होता.

मंद्याला आता रस आला होता. "ते आर्गोसचं हेरा तरी बरोबर ना?"

बरोबर. आणि तिथली पुजारीण क्रिसिस म्हणजे चालतंबोलतं कॅलेंडर. इतिहासकार थ्युसिडिडीस अथेन्स-स्पार्टा युद्धाची सुरुवात सांगतो तीच 'क्रिसिसच्या पुजारीपणाचं अठ्ठेचाळिसावं वर्ष' अशी, कारण प्रत्येक शहराचं पंचांग वेगळं होतं. इ.स.पू. 423 मध्ये तिनं पेटता दिवा फुलांच्या माळांजवळ ठेवला, तिचा डोळा लागला आणि अख्खं देऊळ जळालं. छप्पन्न वर्षांची नोकरी आणि एक डुलकी! म्हातारी त्याच रात्री भीतीनं शहर सोडून पळाली. आर्गोसवाल्यांनी नवी पुजारीण नेमली, पण क्रिसिसचा पुतळा काही हलवला नाही. जळक्या देवळासमोर तो पुढे शतकानुशतकं उभा होता.

यावर कुणी काही बोललं नाही. बापूसुद्धा.

मंद्यानं फोन काढून घरी लावला, स्पीकरवर. "काय गं, स्पार्टापुढे अथीना का लिहिलंस? कुठे वाचलं होतंस?"

"नाही, बाबा. आठवेना, मग वरच्या ओळीतलंच लिहिलं."

वैदेही उठली आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन आली.