उकडलेली कोळंबी आणि विहिरीचे पाणी : गळाच्या आमिषाविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

उन्हाळी सुट्टीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे हौशी मासेमार सुरतेच्या गाडीने गुजरातेतल्या उभराट आणि तिथल या गावांच्या किनाऱ्यावर गळ टाकायला निघाले, की त्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : कोळंबी बाजारातूनच घ्यावी, किनाऱ्यावर ती सापडत नाही, उकडून लावावी, कारण लाल रंग माशाला लांबून दिसतो, जिवंत न्यायची असल्यास बादलीत विहिरीचे पाणी घ्यावे, मोठी कोळंबी अख्खी लावून शक्य तितकी दूर फेकावी, आणि उरलेली जिवंत कोळंबी घरी आणून गिरणेत किंवा हतनूरच्या धरणात सोडावी, म्हणजे तिची पैदास होईल. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही, आणि शेवटचे तर घातक आहे.

कोळंबी किनाऱ्यावर सापडत नाही, हे ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी कधी न गेलेल्या माणसाचे मत असावे. पाणी उतरताना खाडीच्या अरुंद चरांत आणि चिखलाच्या काठाने बारीक कोळंबी हातजाळ्यात येते. रात्री बॅटरीचा झोत पाण्यावर धरला, तर तिचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. हीच खूण आपल्या तापीच्या झिंग्यांनाही, म्हणजे गोड्या पाण्यातल्या कोळंबीलाही, लागू आहे. दिवसा दगडांखाली आणि काठच्या मुळ्यांत दडलेले झिंगे अंधार पडल्यावर उथळ पाण्यात येतात.

उकडण्याचा मुद्दा सर्वांत जास्त पसरला आहे, म्हणून तो नीट पाहू. कोळंबीच्या कवचातला लाल रंग मुळात तिथेच असतो. तो एका प्रथिनाशी बांधलेला असल्यामुळे जिवंतपणी करडा-निळसर दिसतो आणि उष्णतेने ते प्रथिन मोडले की उघडा पडतो. पण पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो तो लाल प्रकाशच, आणि खंभातच्या आखाताजवळचे पाणी भरती-ओहोटीच्या जोरामुळे इतके गढूळ असते, की तिथे रंगावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. शिंगाळ्यासारखा मासा वास आणि मिशांवरच्या चवीच्या जाणिवेने आमिष शोधतो. तो वास ज्या अमिनो आम्लांचा असतो, ती पाण्यात सहज विरघळतात आणि उकडताना बरीचशी पातेल्यातच राहतात. शिवाय उकडलेले मांस ठिसूळ होऊन पहिल्याच लाटेला गळावरून सुटते. कच्ची कोळंबी सोलून तिला जाडे मीठ चोळून काही तास ठेवावी. मीठ पाणी ओढून घेते, मांस चिवट होते आणि वासही राहतो. तरीही सुटत असेल, तर बारीक लवचीक दोऱ्याने गळाला गुंडाळावी.

विहिरीच्या पाण्याबद्दल थोडक्यात. समुद्रातली कोळंबी अचानक गोड्या पाण्यात टाकली, की तिच्या शरीरातला क्षारांचा तोल ढासळतो आणि ती मरते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन तर आणखी वाईट. तिला तिथल्याच समुद्राच्या पाण्यात, सावलीत ठेवावे. ४५ अंशांच्या उन्हाची सवय खानदेशी माणसाला असते, कोळंबीला नसते, आणि पाणी तापले की त्यातला विरघळलेला ऑक्सिजनही घटतो.

दूर फेकण्याचा आग्रहही चुकीचा आहे. जिथे लाटा वाळूच्या बांधावर फुटतात, तिथे बांध आणि किनारा यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा असतो. लाटांनी उकरलेले किडे-कोळंबी तिथे साचतात आणि मासे चरायला तिथेच येतात. बांधापलीकडे भिरकावलेले आमिष त्यांच्या डोक्यावरून जाते. अख्खी मोठी कोळंबी मोठ्या जिताड्यासाठी ठीक आहे, पण ढोम्यासारख्या माशाला बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो.

आता धरणात सोडण्याविषयी, जे मला सर्वांत गंभीर वाटते. समुद्री कोळंबी गिरणेत तगणार नाही. गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याची पिल्लेसुद्धा मचूळ पाण्याशिवाय वाढत नाहीत; त्यांना हजारात सुमारे १२ भाग क्षार लागतात, म्हणून अंड्यांनी भरलेली मादी नदीने खाली खाडीकडे जाते. तापीवर १९७२ साली पूर्ण झालेले उकाईचे धरण ती वाट अडवून उभे आहे. आपल्याकडचे बारीक झिंगे मात्र गोड्या पाण्यातच वाढतात, आणि धोका आहे तो त्यांनाच. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झिंगे आणि खेकडेही वाहून नेऊ शकतात, आणि त्याचा विषाणू गोठवल्यानेही मरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात २०१६ च्या अखेरीस लोगन नदीकाठच्या कोळंबीच्या तळ्यांत हा रोग पसरला, तेव्हा आमिष म्हणून वापरलेल्या आयात कच्च्या कोळंबीकडेच संशयाने पाहिले गेले. गिरणा-तापीवर पोट भरणाऱ्या भोई आणि कोळी कुटुंबांच्या जाळ्यांत हेच झिंगे येतात. म्हणून उरलेली कोळंबी गावाकडे आणू नये. मीठ लावून बर्फावर ठेवावी, दुसऱ्या दिवशी त्याच किनाऱ्यावर वापरावी, आणि गाडीत बसण्यापूर्वी जी शिल्लक राहील ती भरतीच्या रेषेच्या वर वाळूत खोल पुरावी.