दाजी, तुम्ही फॉन्ट मागितलाच नाही

आमच्या सोसायटीचा लॅपटॉप कमिटीच्या मालकीचा आहे, म्हणजे कोणाचाच नाही आणि सेक्रेटरी म्हणून माझ्या गळ्यात आहे. वय वर्षं नऊ. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली आणि अकरा या जिवाला झेपणार नाही असं निदान झालं. नवा घ्यायचा तर जनरल बॉडीत ठराव हवा. लिफ्टमधल्या बल्बवर दीड तास चर्चा केलेली जनरल बॉडी आहे आमची. मी म्हटलं, विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकू. हे मी मेहुण्यासमोर म्हटलं ही पहिली चूक. त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरचे काका मेंटेनन्सचा चेक द्यायला दारात उभे होते, ही दुसरी.

मेहुणा आर्च लिनक्स वापरतो. आपण विचारायच्या आत तो ते सांगतो. काका डेबियनवाले. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर फुकट सीडी यायच्या तेव्हापासूनचे.

लिनक्स म्हणजे लिनक्स, असा माझा भाबडा समज होता. खरं तर लिनक्स हा नुसता गाभा, म्हणजे कर्नल. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘छंद म्हणून करतोय, फार मोठं काही नाही’ अशा अर्थाचं जाहीर करून तो लिहायला घेतला. त्याभोवती बाकीचा संसार रचून जो तो आपली दिंडी काढतो. आर्च ही एक दिंडी, डेबियन दुसरी. विठोबा एक, वाट एक, टाळ-मृदंगही बरेचसे तेच. भांडण फक्त रथाच्या पुढे कोण आणि मागे कोण याचं.

“मग उबुंटू टाकू या का?” मी विचारलं. मला तेवढंच नाव माहीत होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी उबुंटूची सीडी परदेशातून टपालाने फुकट घरपोच आली होती, आणि परदेशी पाकीट आलं म्हणून आईने ते आधी देवापुढे ठेवलं होतं.

दोघं एकदमच हसले. त्या संध्याकाळी त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

“अहो सेक्रेटरीसाहेब,” काका म्हणाले, “उबुंटू म्हणजे आमच्याच डेबियनचा शिरा. त्यांनी वरून बेदाणे टाकले.”

पहिला मान वयाचा. शनिवारी काकांनी डेबियन टाकलं. टाकताना इतिहासही सांगितला. १९९३ साली इयान मर्डॉकने ते सुरू केलं आणि मैत्रिणीचं डेब्रा आणि स्वतःचं इयान जोडून नाव ठेवलं. प्रत्येक आवृत्तीला एका कार्टूनपटातल्या पात्राचं नाव देतात. नातवंडांना कार्टून बघू न देणारा हा माणूस गंभीरपणे म्हणाला, “सध्या ट्रिक्सी चालू आहे. ती स्टेबल, म्हणजे तावूनसुलाखून पक्की केलेली.” तासाभरात लॅपटॉप सुरू झाला, प्रिंटर घुरघुरला, पावती बाहेर आली. मी मनात म्हटलं, संपलं.

रविवारी मेहुणा आला. त्याने कुठल्याशा सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा पाहिला आणि नाक मुरडलं. “दाजी, हे सॉफ्टवेअर आहे की लोणचं?”

“मुरलेलं असतं ते!” काकांनी जिन्यातून उत्तर दिलं. ते वर कधी आले होते कोण जाणे.

पण रात्री लॅपटॉप मेहुण्याच्या हातात होता. आर्च सोप्या स्क्रिप्टनेही बसवता येतं म्हणे, पण ती लेच्यापेच्यांसाठी. त्याने काळ्या पडद्यावर एकेक ओळ टंकत सत्यनारायण मांडला. मी शेजारी मांडी घालून. मध्येच तो “पासवर्ड” म्हणे, की मी संकल्प सोडल्यासारखा पासवर्ड सोडी. तीर्थप्रसादाला दीड वाजला. आर्चचं काही जुनं होतच नाही, रोज नवं येतं, असं त्याने सांगितलं. आमच्याकडे दूध तसं येतं, आणि कधीकधी नासकंही येतं. पण हे मी बोललो नाही.

सोमवारी मला नोटीस काढायची होती. शनिवारी गच्चीवरची टाकी धुणार, सकाळी दहापासून पाणी बंद. जुनी फाइल उघडली. पानभर चौकोन. वर मोठे चौकोन, खाली बारीक चौकोन, आणि मधोमध ठसठशीत इंग्रजी आकड्यात 10. जणू सोसायटीत दहा खिडक्या बसवायच्या होत्या.

मी फोन लावला. “अरे, मराठी कुठे गेलं?”

“दाजी, आर्चमध्ये तुम्ही मागाल तेवढंच येतं. तुम्ही देवनागरी फॉन्ट मागितलाच नाही.”

वयाची पन्नाशी गाठली, पण मराठी वेगळं मागावं लागतं हे मला पुण्यात बसून प्रथमच कळलं.

“सांगतो काय आहे ते,” असं म्हणून त्याने एक लांबलचक लेख वाचायला पाठवला. इंग्रजी. तो मात्र स्वच्छ दिसत होता.

बुधवारी काका परत डेबियन टाकायला पेनड्राइव्ह घेऊन आले, मेहुणा फॉन्ट घेऊन आला, आणि खजिनदारांचा जावई नुसताच आला. त्याच्या लॅपटॉपवर शिंगं असलेलं, हातात त्रिशूळ घेतलेलं लाल पिल्लू होतं. बायको स्वयंपाकघरातून डोकावली आणि कुजबुजली, “हे काय आणलंय भर गुरुवारच्या तोंडावर?” ते फ्रीबीएसडी या लिनक्सबाहेरच्या वेगळ्या सिस्टिमचं शुभंकर निघालं. जावई सोफ्यावर टेकून शांतपणे म्हणाला, “तुमचं सगळं गोळा केलेलं. आमचं थेट बर्कली विद्यापीठातलं घराणं. १९९२ ते ९४ कोर्टात खटला चालला म्हणून मागे पडलो, नाहीतर लिनक्स कोणी विचारलं नसतं.”

क्षणभर शांतता. मग काका आणि मेहुणा एकमेकांना टाळी देऊन जावयावर तुटून पडले. चार दिवस एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं “आपलं लिनक्स” म्हणू लागली. त्या खटल्याची सुनावणी आमच्या हॉलमध्ये रात्री साडेअकरापर्यंत चालली. पोहे दोनदा झाले. फॉन्ट आणि पेनड्राइव्ह दोन्ही मेहुण्याच्या खिशातून त्याच्या घरी गेले.

शुक्रवारी रात्री मुलीने नोटीस मोबाइलवर दोन मिनिटांत टाइप केली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाठवली. मी आनंदाने दोघांना कळवलं. मेहुण्याचं उत्तर आलं, “अँड्रॉइड! म्हणजे लिनक्सच की.” काकांचं आलं, “कर्नल तेवढा लिनक्सचा. त्याला लिनक्स म्हणता येणार नाही.” पुढचं मी वाचलं नाही. झेरॉक्सवाल्याने सकाळी साडेदहाला दुकान उघडलं. मेहुणा प्रती घेऊन आला तेव्हा पावणेअकरा झाले होते आणि टाकी केव्हाच रिकामी झाली होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून काकांचा आवाज आला, “सेक्रेटरीसाहेब! अहो, डोळ्यांत साबण आहे!”

मेहुण्याने नोटिशीची प्रत फलकावर टाचणीने लावली आणि मान वर करून ओरडला, “स्टेबल आहात ना, काका?”