खडी बदलायची म्हणून टाकी रिकामी करू नका

माशांच्या टाकीत नवी खडी कशी घालावी, हे सांगणारा एक संदेश बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: 'मासे बादलीत काढा. सगळं पाणी ओतून द्या. जुनी खडी फेका, टाकी आणि फिल्टर नळाखाली लख्ख धुवा. नवी खडी मीठ घालून उकळा. ताजं पाणी भरून मासे सोडा. मासे आत असताना खडी टाकलीत, तर गढूळ पाण्यात गुदमरून मरतील.' सगळं कसं सुटसुटीत, म्हणून लोक तंतोतंत पाळतात. चार-पाच दिवसांनी मासे वर येऊन तोंड वासायला लागले की दोष बिचाऱ्या खडीला लागतो.

आधी ते गुदमरणं. नवी खडी न धुता ओतली तर पाणी गढूळ होतं, हे खरं. पण तो गढूळपणा म्हणजे दगडाची बारीक भुकटी. ती पाण्यातला प्राणवायू खात नाही, आणि एक-दोन दिवसांत खाली बसते किंवा फिल्टरमध्ये अडकते. पुराच्या पाण्यात नदीतले मासे याहून कितीतरी गढूळपणा सोसतात. खडी बादलीत हाताने घोळून, पाणी नितळ निघेपर्यंत आठ-दहा वेळा धुतली की प्रश्नच उरत नाही. सांभाळायचा गाळ वेगळा आहे: जुन्या खडीत महिनोन्‌महिने साचलेली विष्ठा आणि उरलेलं अन्न. ते एकदम ढवळून वर आलं तर मात्र पाणी खरोखर बिघडतं. म्हणून नवी खडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधी जुनी खडी सायफनने, म्हणजे गाळ पाण्यासकट ओढून घेणाऱ्या नळीने, साफ करावी. त्यासाठी मासे बाहेर काढावे लागत नाहीत.

आता संदेशातलं सर्वांत घातक वाक्य: जुनी खडी फेका आणि फिल्टर नळाखाली धुवा.

मासे अ‍ॅमोनिया बाहेर टाकतात, तोही मुख्यतः कल्ल्यांतून. तो विषारी असतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत काही सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदलताना निघून जातं. हे सूक्ष्मजीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते पृष्ठभागांना चिकटून राहतात: फिल्टरचा स्पंज, खडी, काच, झाडांची पानं. बरेच जण उलटं समजतात आणि जुनं पाणी जपून ठेवून स्पंज नळाखाली पिळतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं; चांगले कोण, वाईट कोण, हे ते विचारत नाही.

म्हणजे संदेशाप्रमाणे वागलं तर एका दुपारीत या जिवांची दोन्ही मोठी घरं जातात. त्यांची वाढ संथ असते. रिकाम्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि तोवर पूर्ण वाढलेले मासे आपला अ‍ॅमोनिया टाकतच राहतात. फिल्टर जुनाच ठेवला आणि फक्त खडी बदलली तर बहुतेक टाक्या तरून जातात. दोन्ही एकाच दिवशी केलं तर नशिबावर सोडल्यासारखं आहे. सुरुवातीच्या काळात मी स्वतः हेच केलं होतं, वर 'किती स्वच्छ दिसतंय' म्हणून खूशही झालो होतो.

'ताजं पाणी भरा' हेही तितकं निरुपद्रवी नाही. जुन्या टाकीत पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचं माप; जितका कमी, तितकं पाणी आम्ल) हळूहळू उतरत जातो आणि मासे त्याला सरावतात. एकदम सगळं पाणी बदललं की पीएच, कठीणपणा (पाण्यात विरघळलेले क्षार), तापमान, सगळंच एका झटक्यात बदलतं. शिवाय अ‍ॅमोनियाचा विषारी अंश पीएचवर अवलंबून असतो: २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अ‍ॅमोनियाचा अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तो ५ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे तेवढ्याच अ‍ॅमोनियाचा जाच सुमारे दहापट. सूक्ष्मजीव धुऊन टाकायचे आणि त्याच दिवशी पीएच चढवायचा, हा दुहेरी मार झाला.

खडी उकळण्यात मला अर्थ दिसत नाही. मीठ घालून तर नाहीच. रंगाचा थर दिलेली खडी उकळली तर थर सुटू शकतो, आणि आत ओलावा अडकलेला दगड तापल्यावर फुटून उडू शकतो. साबण कधीही लावू नये. त्यापेक्षा दोन साध्या परीक्षा उपयोगी. मूठभर खडीवर पांढरं व्हिनेगर टाका. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती पाण्याचा कठीणपणा आणि पीएच वाढवत राहील. काही माशांना ते मानवतं, मऊ पाण्यातल्यांना नाही. रंगीत खडी असेल तर पांढऱ्या भांड्यात दोन दिवस भिजवून पाणी रंगतं का ते पाहा.

संदेशाच्या बाजूनेही एक सांगायला हवं: तळाची सगळी खडी काढायची असेल, तर मासे थोडा वेळ बाहेर ठेवणं सोयीचं पडतं. पण मग बादलीत टाकीतलंच पाणी घ्यावं, वर झाकण, आत एअर पंपाची नळी, आणि फिल्टरला हात लावू नये.

नुसती भर घालायची असेल तर मी असं करतो. ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद तळावर १ सेंमी थर द्यायला अडीच-तीन किलो खडी पुरते. तेवढीही दोन-तीन हप्त्यांत, मध्ये आठवडा सोडून, म्हणजे जुना थर एकदम गाडला जात नाही. आधी थोडं पाणी उपसायचं, कारण खडीने पातळी चढते. हीटर आणि फिल्टर बंद करायचे. मग प्लॅस्टिकचा पेला खडीने भरून तळापर्यंत न्यायचा आणि तिथेच हळूच कलता करायचा. वरून ओतली तर काचेवर आणि माशांवर आदळते. लहान गोल्डफिशच्या तोंडात अडकेल अशा मापाची खडी मी टाळतो; ते प्रत्येक खडा चघळून बघतात.

पुढचे दोन दिवस खाणं निम्मं, आणि आठवडाभर अ‍ॅमोनिया व नायट्राइटची चाचणी. काम संपलं की फिल्टर आधी चालू करा. एकदा मी नवी खडी कशी दिसते ते बघत बसलो आणि बटण रात्रभर बंदच राहिलं. सकाळी फिल्टर उघडला तेव्हा आतल्या स्पंजाला कुजका वास येत होता.