पाण्यानं पोट सुटत नाही, आधी पोरीला तांब्याभर पाणी द्या

परवा साताऱ्याहून एसटीनं सांगलीला आले, गावभागातल्या घरी. धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आलीय, सिझर होऊन अठरा दिवस झालेत. एप्रिलचं ऊन, वरचा पत्रा तापलेला, खिडक्या गच्च बंद, कानाला रुमाल, आणि पोरीचे ओठ पार फुटलेले. म्हटलं आई हिला पाणी दे की, तर म्हणे आजचे चार कप झाले तिचे. चार कप! कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर मावशीनं मोबाईलच पुढं केला.

तुमच्याकडंही आला असेल तो मेसेज. "बाळंतपणानंतर 40 दिवसात पोट सपाट, डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत", खाली फुलांची चित्रं आणि सहा मुद्दे. दिवसाला चारच कप कोमट पाणी, कारण जास्तीचं पाणी पोटात साठून पोट लोंबतं. पोट दिवसरात्र करकचून बांधा, नाहीतर हवा भरते. पंधराव्या दिवसापासून रोज 100 सीटअप. भात बंद आणि रात्री जेवणाऐवजी जिऱ्याचं पाणी. हळद आणि मोहरीच्या तेलाचा लेप, चरबी वितळते. आणि शेवटी धमकी, 40 दिवसात नाही केलं तर जन्मभर नाही, सिझरवालीचं तर कधीच नाही.

आता पाण्याचंच आधी घेते, कारण डोकं तिथंच फिरलं माझं. नुसतं अंगावर पिणारं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं, आणि आईच्या दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. आमच्या घरातला कप दीडशे मिलीचा, म्हणजे चार कपाचे झाले 600 मिली. म्हणजे पोरगी जेवढं पाणी पितीय त्याच्यापेक्षा जास्त बाळाला देतीय, वर घाम वेगळा. मावशी म्हणाली पण दूध तर येतंय की. येणारच, शरीर आईचं पाणी तोडून बाळाला देतं, दूध लगेच आटत नाही, आटते ती आई. मग संडासला कडक होणार, टाके असताना कुंथायचं, मूळव्याध, लघवीला जळजळ. शिवाय बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, सिझर असेल तर आणखीच, आणि त्यात बाईला कोरडी ठेवून झोपवून ठेवायचं, हे कुठलं शास्त्र?

आता अर्धवट खरं काय आहे तेही सांगते, नाहीतर मावशी म्हणेल तुला सगळंच खोटं दिसतं. गरोदरपणात अंगात जादा पाणी साठतं हे खरंय, पाय सुजतात ते त्यातलंच. पण ते बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यात लघवीवाटे आणि घामावाटे आपोआप निघून जातं. तहान मारून नाही जात. ते पोटात साठून पोट लोंबत पण नाही, पोट काय पखाल आहे होय?

मग अठराव्या दिवशी पोट दिसतं ते कशाचं? त्यात चरबी असते थोडी, पण नुसती चरबी नसते. बाळ झाल्याझाल्या गर्भाशय जवळजवळ किलोभर वजनाचं असतं, बेंबीपर्यंत हाताला लागतं, आणि ते शंभर ग्रॅमच्या आत यायला सहा आठवडे लागतात. बाळाला पाजताना ओटीपोटात कळ येते ना, ती तेच आकसत असल्याची. आणि दुसरं म्हणजे पोटाचे पुढचे दोन उभे स्नायू, त्यांच्यामधला पडदा नऊ महिने ताणून पातळ झालेला असतो आणि मध्ये फट पडते. नॉर्वेत 300 पहिलटकरणींचा अभ्यास झाला होता, 2016 साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलाय. सहा आठवड्यांनी 60 टक्के बायकांना ही फट होती, सहा महिन्यांनी 45 टक्क्यांना, आणि वर्षानंतरसुद्धा साधारण दर तिघींतल्या एकीला. नीट वाचा, वर्षानंतर. आणि हा मेसेज म्हणतो 40 दिवसात नाही झालं तर संपलं. जे शरीर वर्षभर हळूहळू जागेवर येत असतं त्याला चाळीस दिवसांची नोटीस काढणारे हे कोण? त्या अभ्यासात बहुतेकींची फट थोडीशीच होती, आणि ती असलेल्या बायकांची कंबर जास्त दुखते असंही काही सापडलं नाही, म्हणजे घाबरून जायचंही कारण नाही.

म्हणूनच ते 100 सीटअप आत्ता नकोत. पोटाचे टाके वरून सुकलेले दिसतात, आतले थर अजून कच्चे असतात. पंधराव्या दिवशी डॉक्टर बादली उचलू देत नाहीत आणि हे शंभर सीटअप काढायला सांगतात! बरं सीटअपनं पोटावरची चरबी जाते हेही खोटं, व्यायाम करू त्याच जागेची चरबी जात नसते, ती जाते तेव्हा अख्ख्या अंगाची जाते. फट असताना डोकं उचलल्यावर पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला तर तो व्यायाम तूर्त नको. उताणं झोपून गुडघे वर घ्यायचे, डोकं जरा उचलायचं आणि बेंबीपाशी बोटं आडवी ठेवून बघायचं, दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील तर फिजिओकडं जायचं. आमच्या धाकटीची तीन बोटं जातात. मिरजेच्या फिजिओबाई म्हणाल्या सहा आठवड्यांनी ये, तोवर श्वास सोडताना पोट हळू आत ओढायचं, लघवी रोखल्यासारखं खालून आवळायचं नि सोडायचं, आणि चालायचं. बास.

पट्ट्याचं म्हणाल तर इथं मला थोडं मागं यावं लागतंय. सिझरनंतर मऊ पट्टा लावला तर खोकताना, उठताना कमी दुखतं, धाकटी पण म्हणते बरं वाटतं. पण तो आधार झाला, साचा नव्हे. करकचून बांधलं की दाब जातो कुठं? खाली. तिथले स्नायू आधीच सैल झालेले, मग शिंकलं की थेंब गळतात आणि ते कुणाला सांगता पण येत नाही. हवा भरते म्हणे! हवा काय सायकलच्या ट्यूबमध्ये भरायचीय? आजी जुनं लुगडं बांधायची हे मान्य, पण आजीचं पोट लुगड्यानं आत गेलं का दोन महिन्यात उसाच्या भांगलणीला गेल्यानं, हे कुणी तपासलंय?

जेवणाचं थोडक्यात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी एरवीपेक्षा जास्त लागतात. म्हणजे अंदाजे दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी आणि एक डिंकाचा लाडू, असं जादाचं. तिथं रात्रीचं जेवण काढून जिऱ्याचं पाणी द्यायचं? हां, आमच्या आईचंही चुकतंच, एक लाडू म्हणजे एक, सकाळी दोन संध्याकाळी दोन आणि वर शिऱ्यात तुपाची धार नव्हे, त्यानं वजन वाढतं आणि पुढं खापर सिझरवर फुटतं.

हळदीच्या लेपावर काय बोलू. सांगलीत बसून हे वाचायचं? हळदीच्या लेपानं चरबी वितळत असती तर मार्केट यार्डात दिवसभर पिवळे होऊन पोती उचलणाऱ्या हमालांतल्या एकाचंही पोट सुटलं नसतं. ओल्या टाक्यांवर तर कसलाच लेप लावायचा नाही.

आणि सिझर. यात पोटाचे ते उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. टाक्याच्या वर कातडीची घडी काहींना राहते हे खरं, पण "कधीच नाही" हे कुणी ठरवलं? जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतरच्या बायकांना आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल इतपत व्यायाम सांगते, तब्येतीची दुसरी अडचण नसेल तर आणि हळूहळू वाढवत. नेटानं केलं तर काही महिन्यांत फरक दिसतो. त्याआधी टाके लाल झाले, ताप आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर पोट राहू दे बाजूला, आधी दवाखाना.

सव्वा महिना झाला की तिला आमराईत फिरायला न्यायचं ठरलंय, तोवर गच्ची. काल ऊन उतरल्यावर दोघी वर गेलो, तिच्या हातात पाण्याची बाटली. चार फेऱ्या झाल्या तोवर जिन्यातनं मावशीचा आवाज, अगं कानाला रुमाल बांध, वारं लागंल. रुमालाबद्दल मी काही बोलले नाही.