कागदाचं वजन

स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये मी वजनं करते. पोटापाण्याचं कामच ते: गोळीत नेमकं किती औषध आहे ते मोजायचं, नोंदवायचं, खाली सही करायची. शंभर मिलिग्रॅमच्या गोळीत औषध एकच मिलिग्रॅम असलं, तर बाकीच्या नव्व्याण्णव मिलिग्रॅमना आम्ही औषध म्हणत नाही. तो नुसता भराव.

मध्यंतरी आमच्या घरच्या ग्रुपवर गोव्यात एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थासह सापडलेल्या पोरांची बातमी आली आणि दोन तट पडले. काकांचं म्हणणं, फटके द्या. धाकट्या चुलतभावाचं म्हणणं, स्वित्झर्लंडमध्ये तर डॉक्टरच देतात, विचारा ताईला. म्हणून हे लिहायला बसले.

एलएसडी जन्मलं ते याच गावात. ऱ्हाईनकाठच्या सांडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन नावाचा रसायनज्ञ अर्गटवर काम करत होता. अर्गट ही राय या गव्हासारख्या धान्याच्या कणसावर वाढणारी बुरशी. मध्ययुगात तिच्या विषानं युरोपात गावंच्या गावं हातपाय सडून मेली. युरोपातल्या सुइणी मात्र तीच बुरशी चिमटीनं मोजून बाळंतिणीला देत. हॉफमनला रक्ताभिसरण आणि श्वसनाला चालना देणारं औषध हवं होतं. 1938 साली त्यानं अर्गटच्या मालिकेतला पंचविसावा पदार्थ, म्हणजे एलएसडी, बनवला. प्राण्यांवरच्या चाचणीत काही विशेष दिसलं नाही, बाटली फडताळात गेली. पाच वर्षांनी, का कोण जाणे, त्याला वाटलं की यात काहीतरी राहून गेलंय. त्यानं तो पदार्थ पुन्हा बनवला. 16 एप्रिल 1943 ला काम करताना कणभर अंगात गेला असावा. दुपारी त्याला गरगरायला लागलं, घरी जाऊन डोळे मिटले तर रंगांचे लोटच्या लोट.

याला सगळे अपघात म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. फडताळातली बाटली आपण होऊन खाली येत नाही. आणि हात इतके स्वच्छ ठेवणाऱ्या माणसाला अंदाज आला, की इतक्या कमी मात्रेत एवढं होत असेल तर पदार्थ भलताच जालीम असणार. तीन दिवसांनी त्यानं मुद्दाम पाव मिलिग्रॅम घेतला. त्याच्या हिशेबानं ही अगदी भित्री मात्रा होती. आज माहीत आहे, की त्याच्या निम्म्याहून कमी पुरते. युद्धामुळे मोटारी मिळत नव्हत्या, म्हणून मदतनीस सूझी रामश्टाइनला सोबत घेऊन तो सायकलनं घरी गेला. दूध घेऊन आलेली शेजारीण त्याला चेटकीण वाटली. डॉक्टर आले, तपासलं, तर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. बाकी सगळं ठीक.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सांडोझनं ते मानसोपचारासाठी ‘डेलिसिड’ नावानं दिलं, अमेरिकेत ते गुप्तहेर खात्याच्या आणि मग रस्त्यावरच्या पोरांच्या हाती गेलं, 1965 मध्ये सांडोझनं ते थांबवलं, 1971 च्या आंतरराष्ट्रीय करारानं त्याला कुलूप घातलं. तोवर हिप्पी गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर पोचले होते. हॉफमन 2008 साली 102 वर्षांचा होऊन गेला.

आता चुलतभावाला उत्तर. नाही रे बाबा, इथंही एलएसडी बंदच आहे. डॉक्टरला केंद्रीय आरोग्य कार्यालयाकडून एकेका रुग्णासाठी अपवाद म्हणून परवानगी काढावी लागते, बाकीचे उपचार थकल्यावर. हे शहाणपणही फुकट आलेलं नाही. झुरिकच्या एका बागेत एकेकाळी शेकडो माणसं उघड्यावर हेरॉइनच्या सुया टोचत. 1992 मध्ये ती बाग बंद केली, तर गर्दी दुसरीकडे गेली. त्यानंतर 1994 पासून दवाखान्यात व्यसनींना मोजून हेरॉइन द्यायला सुरुवात झाली, आणि 2008 साली लोकांनी मतदानात 68 टक्क्यांनी ते मान्य केलं. आमच्याकडे (अजून ‘आमच्याकडे’ म्हणजे साताराच) असं मतदान घ्यावं असं मी म्हणणार नाही. शिवाय हल्ली एलएसडीनं सगळेच रोग बरे होतील अशा थाटात बोलणारे इथंही भेटतात. माझ्या वजनकाट्याला ते मानवत नाही.

पण काकांच्या फटक्यांतही एक गडबड आहे, आणि ती वजनाचीच. आपल्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली एलएसडीची ‘अल्प मात्रा’ 0.002 ग्रॅमपर्यंत आणि ‘व्यावसायिक मात्रा’ 0.1 ग्रॅमच्या वर. अल्पला फार तर एक वर्ष, व्यावसायिकला दहा ते वीस वर्षं, आणि जामीन जवळजवळ नाहीच. आता एलएसडी येतं टिपकागदाच्या तुकड्यांवर. समजा एका तुकड्याचं वजन दहा मिलिग्रॅम, त्यावर औषध शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.1 मिलिग्रॅम. अकरा तुकड्यांत औषध भरतं 1.1 मिलिग्रॅम, म्हणजे अल्प मात्रा. कागद धरून वजन केलं तर तेच अकरा तुकडे 0.11 ग्रॅम: व्यावसायिक. पोर तेच, कागद तेच, फरक वीस वर्षांपर्यंतचा. मुंबई उच्च न्यायालयातच यावर वेगवेगळे निकाल आले आहेत. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये मिश्रणातला निष्क्रिय पदार्थही वजनात धरायचा असं सांगितलं. मग कागद हा मिश्रणाचा भाग की नुसतं वेष्टण, हा वाद उरतो.

वकील असलेल्या मावसभावाला मी फोन केला. “अगं, कागद गिळतात ना? मग तो पदार्थाचाच भाग,” तो म्हणाला. “आणि विकणारा कागदच विकतो. सूट दिलीस तर मोठे मासे आधी सुटतील.” मुद्दा बिनतोड नसला तरी पोकळही नाही. मी म्हटलं, “दादा, मोठ्या माशाकडे हजाराच्या वर तुकडे असतील तर नुसतं औषधच शंभर मिलिग्रॅमच्या वर भरेल. तिथवर कागदाशिवायही पोचता येतं. अकरा तुकडेवाल्याला तिथं का बसवायचं?” तो म्हणाला, “हे तू न्यायाधीशांना सांग.”

माझी आई तीस वर्षं प्रसूतिगृहात परिचारिका होती. बाळंतिणीचं रक्त थांबेना की द्यायचं ते मेथर्जिन याच हॉफमननं आणि त्याचा वरिष्ठ श्टोल यानं त्याच अर्गटच्या कामातून काढलं, हे तिला मी यंदा सांगितलं. दोन दिवस काही बोलली नाही. मग ग्रुपवर तिचा निरोप आला: “आमच्या ॲम्प्यूलवर 0.2 मिलिग्रॅम लिहिलेलं असायचं. आत पाणी एक मिलिलिटर. मी रजिस्टरात कधी पाण्याचं वजन लिहिलं नाही.”

दादानं ते वाचलंय. निळ्या खुणा दिसतात.